चौगुले सरांचा साडेपाचचा वर्ग

चौगुले सरांना साधं वाक्य सोसत नाही. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला एस.टी. लागते, तसं सरांना साधं वाक्य लागतं.

भाजीवाला दारात येऊन म्हणाला, "सर, मेथी संपली," की सर पायरीवरनंच त्याला हात करतात.

"जोड लाव."

"काय लावू?"

"संपली म्हंजे का संपली? संपली नसती तर काय झालं असतं? आज संपली असली तरी उद्या आणणार हाईस का? नुसतं 'संपली' म्हणून निघालास, तर ते वाक्य हितं माझ्या दारात लंगडं पडून राहतंय. ते कोण उचलणार?"

भाजीवाला बेरकी. "मेथी संपली, कारण तुमी उशिरा दार उघाडलंसा," म्हणतो आणि गाडा पुढं ढकलतो. सर मागनं खूश होऊन ओरडतात, "झकास! मिश्र वाक्य! उद्या ये!"

एक मुख्य वाक्य, आणि त्याला जरी, तर, कारण, जेव्हा असल्या शब्दांनी जोडलेली पोटवाक्यं, याला व्याकरणात मिश्र वाक्य म्हणतात. इंग्रजीत कॉम्प्लेक्स सेंटेन्स. सरांनी हायस्कुलात सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली आणि त्यातली निम्मी या एका धड्यावर. फळ्यावर ते द्राक्षाचा वेल काढायचे. खोड म्हणजे मुख्य वाक्य, फांद्या म्हणजे पोटवाक्यं. "खोड एकटं उभं राहतंय, पण द्राक्षं कुठं लागत्यात? फांदीला! म्हणून जोड लाव." तासगावात हे उदाहरण पोराला सांगावं लागत नाही. बागायतदारांची कितीतरी पोरं इंग्रजीत नापास झाली, पण वेलाचं चित्र त्यांना अजून काढता येतं.

मी सरांचा शेजारी. मूळचा कोरेगावच्या पूर्वेकडचा, कोरड्या मुलखातला. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. कॉलेजच्या फाटकातनं आत जाऊन डिग्री घेऊन बाहेर आलेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. हे मी कुठंही सांगतो, कारण आमच्यात ते सांगायची संधी दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. मी इथं एका बेदाणा व्यापाऱ्याकडं सुपरवायझर आहे. शेडमध्ये वाळवलेला बेदाणा आमच्याकडं येतो, रंगाप्रमाणं आणि आकाराप्रमाणं निवडला जातो आणि खोक्यात भरून बाहेर पडतो. खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालक म्हणाला होता, "शेजार चांगला हाय. फकस्त मास्तराशी तुटक बोलू नका."

सरांच्या तऱ्हा किती सांगू. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पोट दुखतंय का?" तर सर म्हणाले, "जरी आत्ता दुखत नसलं, तरी तुमी दाबल्यावर दुखंल, असं मला वाटतंय." डॉक्टरनं दाबलं. दुखलं. सर म्हणाले, "बघा!"

त्यांच्या मुलाला, अभयला, मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. पोह्यांचं ताट आलं, मुलगी बसली. बाकीच्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. सर म्हणाले, "बाळ, एक मिश्र वाक्य सांग." मुलगी म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आई सांगू नको म्हणाली होती, की मला हे स्थळ पसंत नाही." घर गारठलं. सर मात्र उठून उभे राहिले. "तीन पोटवाक्यं! अभय, हीच सून!" पद्माकाकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. अभयचं पुढं दुसरीकडं जमलं. तो आता बंगळुरूला असतो. सून चांगली आहे, पण ती फोनवर "ओके पप्पा" एवढंच म्हणते. सर फोन ठेवून बराच वेळ त्या "ओके"कडं बघत बसतात.

पद्माकाकू गेल्या आणि सरांचं घर एकदम लहान वाक्यांचं झालं. अभयचा फोन रोज येतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण येतो तो असा: "जेवला? गोळी घेतली? बरं. ठेवतो." सर एकदा मला म्हणाले, "तानाजी, पोराचं माझ्यावर प्रेम हाय, पण ते सगळं खोड हाय रं. एक फांदी न्हाई."

शिकवण्या तर आधीच सुटल्या होत्या. बाजारपेठेत फाड-फाड इंग्रजी शिकवणारे क्लास निघाले. तिथं व्याकरण शिकवत नाहीत, हे ते पाटीवरच मोठ्या अक्षरात लिहितात आणि लोक त्यासाठीच जातात. सरांकडं शेवटी एक मुलगी यायची. तिच्या आईनं एक दिवस येऊन सांगितलं, "सर, तिला बोलाया शिकायचंय, जोडाया न्हाई." सरांनी त्या बाईला चहा दिला. दुसऱ्या दिवशी फळा धुऊन भिंतीकडं तोंड करून ठेवला.

मग आमच्याकडं मशीन आलं.

बेदाण्याचा रंग ओळखून निवडणारं ते मशीन तैवानचं होतं आणि ते बसवायला तिथला एक माणूस आला, वू नावाचा. आमचा शेठ मला म्हणाला, "तू बी.ए. हाईस न्हवं? बोल त्येच्याशी." मी बोललो. बी.ए. असलो तरी माझं इंग्रजी वाचायचं आहे, तोंडी लावायचं नाही. वू तर माझ्यापेक्षा पुढं. "मशीन नो. ऑइल यस. टुमारो." आज तेल घातलं तर उद्या मशीन चालेल, की उद्या तेल येईल तोवर मशीनला हात लावू नको? मी तेल घातलं. मशीननं काळा बेदाणा आणि हिरवा बेदाणा मोठ्या प्रेमानं एकत्र केला. शेठनं मला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी निमूट जाऊन चौगुले सरांना घेऊन आलो.

सरांनी वूचं ते "मशीन नो, ऑइल यस" ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख आलं, जणू रस्त्यात कुणीतरी पाय तुटून पडलंय. त्यांनी वूला खुर्चीवर बसवलं, रिकामं खोकं उलटं करून त्यावर खडूनं वेल काढला. मशीन बसवायला लागले ते सगळे दिवस वूचे हात तेलात आणि कान सरांच्या तोंडाशी. जाताना तो शेठला म्हणाला, आणि हे मी इंग्रजीतनं जसंच्या तसं मराठीत सांगतो: "जर आवाज बदलला, तर मशीन बंद करा, कारण आत खडा अडकलेला असेल." शेठ माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्यो मास्तर आधी का न्हाई आणलास?"

परत गेल्यावर वूनं फोन केला. त्याला पुढचं शिकायचं होतं. त्याच्या कारखान्यातल्या सोबत्यांना पण. आणि शू-फेनला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला. अशी सरांची तैवानची शाळा सुरू झाली. तिथं रात्रीचे आठ वाजले, लोक कामावरनं घरी आले, की आपल्याकडं साडेपाच. सर सव्वापाचचा गजर लावायचे. तोंड धुवायचे, केसाला तेल लावून भांग पाडायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचे. खाली घरातला लेंगाच असायचा, कारण फोनला खालचं दिसत नाही. पिठाच्या डब्याला फोन टेकवायचा, फळा भिंतीकडनं परत वळवायचा आणि हजेरी.

हजेरी म्हणजे आपल्यासारखी. सर नाव घ्यायचे आणि तिकडनं ती मोठमोठी माणसं "हजर सर" म्हणायची. सरांनी त्यांना तेवढं एक मराठी शिकवलं होतं. उत्तर द्यायचं तर उभं राहून. एक जण स्वयंपाकघरातनं बसायचा, तो उठला की त्याचं डोकं फोनच्या बाहेर जायचं आणि सर त्याच्या पोटाशी व्याकरण बोलायचे.

सरांचा सगळ्यात मोठा आनंद वेगळाच होता. ती माणसं इंग्रजीत "ऑल्दो", म्हणजे जरी, म्हटलं की पुढं "बट", म्हणजे पण, लावायचीच. इंग्रजीत दोन्ही चालत नाहीत, एकच ठेवावा लागतो. पण त्यांच्या भाषेत आपल्यासारखीच जोडी असते, जरी आणि तरी. सरांना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ते धावत माझ्याकडं आले. "तानाजी, आरं, हीच चूक आपली तासगावची पोरं करायची! ही आपलीच पोरं हाईत!" माझी बायको सुनंदा कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "आवं सर, आपली असती तर एवढ्या टायमाला फोनवर गेम खेळत बसली असती."

चहाच्या टपरीवर लोकांना विषय मिळाला. "काय सर, चायनाचा माल कसा हाय?"

"तैवान," सर म्हणायचे. "आणि माल न्हाई, माणसं हाईत."

"गॅरंटी किती दिसाची?"

यावर सर कप खाली ठेवून घराकडं वळायचे. गॅरंटीचं त्यांच्याही मनात असणार.

मी सुरुवातीला हसायचो. मग एकदा फोन धरायला म्हणून त्यांच्या वर्गात बसलो. त्या दिवशी स्वतःबद्दल एकेक मिश्र वाक्य करायचं होतं. एक म्हणाला, "जरी माझे वडील माझ्याच शहरात राहतात, तरी आम्ही बोलत नाही, कारण मी दुकान चालवायला नकार दिला." दुसरी म्हणाली, "जेव्हा पाऊस पडतो, तेव्हा मी नवऱ्याचीच छत्री घेते, जो आता दुसऱ्या बाईबरोबर राहतो." सर फळ्यावर लिहून घेत होते आणि चुका सुधारत होते. चूक सुधारून झाल्यावर हळूच विचारायचे, "अँड देन?" पुढं? ती माणसं सांगायची. व्याकरणाच्या निमित्तानं सगळं आतलं बाहेर येत होतं. सरांना त्या एकेकाचं घर माहीत होतं, घरातलं भांडण माहीत होतं. इकडं गल्लीत त्यांना कुणी एवढं लांब वाक्य सांगत नव्हतं. मी पण नाही.

शू-फेनचं कारण सगळ्यात वेगळं. ती एका बस कंपनीत कामाला, लग्न केलेलं नाही, आई अंथरुणाला खिळलेली. दिवसभर आईला सांभाळायला फिलिपिन्सची एक बाई ठेवलेली. त्या बाईला यांची भाषा येत नाही, तिला इंग्रजी येतं. शू-फेनला इंग्रजीचे तुकडे येतात. एक दिवस शू-फेन कामावर जाताना "मदर, नो वॉटर" सांगून गेली. तिला म्हणायचं होतं, ठसका लागला तर लगेच पाणी देऊ नका. बाईनं दिवसभर म्हातारीला पाण्याचा थेंब दिला नाही.

हे मला सांगून झाल्यावर सर म्हणाले, "आयुष्यभर लोक मला येडा म्हणाले. जोड न्हाई लावली तर माणूस तहानेनं मरतंय, हे आता तरी पटलं का?"

पटलं.

पण गॅरंटी संपत आली. सोबत्यांतल्या एकानं फोनवर असं काहीतरी घेतलं, की आपण आपल्या भाषेत बोलायचं आणि फोन इंग्रजीत सांगतो. मग दुसऱ्यानं घेतलं. वूला कामासाठी देशोदेशी फिरावं लागायचं. हजेरी लहान होत गेली. सर तरी सगळी नावं घ्यायचे, उत्तर न आलेल्या नावापुढं थोडं थांबायचे आणि पुढं जायचे. शेवटी "हजर सर" म्हणणारी एकटी शू-फेन उरली. फोन तिच्याकडंही होता. पण आईला सांभाळणारी बाई आता घरातली झाली होती, आणि घरातल्या माणसाशी मशीनच्या तोंडानं बोलायचं शू-फेनला पसंत नव्हतं.

म्हणजे आता सगळा हिशेब असा झाला: जोवर तिकडं म्हातारी आहे तोवर बाई आहे, जोवर बाई आहे तोवर शू-फेनला इंग्रजी हवं, आणि जोवर तिला इंग्रजी हवं तोवर सरांचा वर्ग आहे. सर रोज वर्ग सुरू करताना पहिला प्रश्न विचारायचे, "आई कशी आहे?" सकाळी पायरीवर मला सांगायचे, "म्हातारीनं काल भाताची पेज घेतली." किंवा, "म्हातारीला ताप हाय रं." सणाला देवळात जाऊन आले आणि म्हणाले, तैवानच्या म्हातारीसाठी नारळ ठेवला. मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "सर, तुमाला काळजी म्हातारीची हाय का वर्गाची?"

सर रागावले नाहीत. म्हणाले, "दोन्हीची. आणि त्यातली कुठली मोठी, हे मला इचारू नको. मी पण इचारत न्हाई."

हिवाळा आला तशी आणखी एक गोष्ट सुनंदाच्या ध्यानात आली. सर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोटही नाही. हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. पद्माकाकू होत्या तेव्हा उन्हं कलली की आतनं हाक यायची, "ताट वाढलंय." उन्हाळ्यात अडचण नव्हती, वर्ग संपला तरी उजेड असायचा. हिवाळ्यात मात्र साडेपाचला वर्ग सुरू झाला की शू-फेनची पोटवाक्यं होईपर्यंत सूर्य जायचा. सर फोन ठेवायचे, खिडकीकडं बघायचे आणि ताटावर झाकण ठेवायचे.

सुनंदा चिडली. "आवं सर, मग आधी जेवा की! पाचला जेवायला कुणी धरलंय तुमाला?"

"भरल्या पोटी मी वर्गावर कवाच गेलो न्हाई," सर म्हणाले. "मास्तर ढेकर द्यायला लागला की पोरांचा इस्वास उडतो."

"मग तिला सांगा, अर्धा तास मागंफुडं कर म्हणून."

"ती आईला भरवून बसती. माझ्या भाकरीसाठी तिच्या आईचा घास पुढं-मागं करू व्हय?"

शू-फेनला यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सरांची गालफडं बसत चालली. मी अभयला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मी बोलतो पप्पांशी." तो बोललाही. "पप्पा, वेळेत जेवत जा. ओके?" सर म्हणाले, ओके.

मग एक दिवस सकाळी सर आमच्या दारात आले. चष्मा हातात होता. मी चहा घेत होतो.

"म्हातारी गेली," सर म्हणाले.

मी थांबलो. पुढं काहीतरी येईल म्हणून वाट बघितली. काही आलं नाही. वूचा निरोप आला होता, एवढंच नंतर कळलं. सर वळले आणि घरात गेले. फळा त्यांनी परत भिंतीकडं फिरवला, त्याचा आवाज मला भिंतीतनं आला.

संध्याकाळी मी कामावरनं आलो तर सुनंदा पिठलं ढवळत होती. आमच्याकडं घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांना पहिला घास आग्रहानं खायला घालायचा. कडू घास म्हणतात त्याला. मी विचारलं, "कोण गेलं?"

"कोण म्हंजे? सरांची म्हातारी."

"अगं येडे, मयत तैवानात झालंय! सरांची कोण लागती ती?"

"तैवानात पिठलं कोण न्हेणार?" सुनंदा म्हणाली. "त्या घरचं हितं दुसरं कोण हाय? कांदा-लसूण घातला न्हाई मी. उचला भाकरी."

यावर माझी बी.ए. काही कामाची नव्हती. मी भाकरी उचलली.

आम्ही गेलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. भाकऱ्या थापण्यात तेवढा वेळ गेलाच होता. सरांनी दिवा लावला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि डब्याला टेकवलेल्या फोनवर शू-फेन होती. तिनं त्याच वेळेला फोन केला होता, नेहमीच्या. केस मोकळे, डोळे सुजलेले. मागं वू कुणाशीतरी बोलत उभा होता. ती सरांना सांगत होती, की सांभाळणारी बाई आता दुसऱ्या घरी जाईल, त्यामुळं... आणि तिथंच थांबली. ते वाक्य सरांनी तिला पुरं करायला लावलं नाही.

सुनंदानं ताट टेबलावर ठेवलं. सर ताटाकडं बघत राहिले. त्यांना कळलं.

"डिड यू ईट?" त्यांनी शू-फेनला विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. वूनं आणलेला भाताचा डबा शेजारी होता, तो उघडलेलाही नव्हता.

मग सरांनी ताट उचलून फोनपुढं धरलं, तिला नीट दिसेल असं. आणि इंग्रजीत, सावकाश, तिला सांगितलं: "आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. जेवण शेजारी आणतात. ते कितीही नको वाटलं, तरी एक घास खावा लागतो. हे तुझ्यासाठी आणलंय."

शू-फेन ताटाकडं बघत रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. सरांचा हात ताट धरून अवघडला असणार, पण त्यांनी खाली ठेवलं नाही. मग तिनं डबा ओढला, उघडला, काड्या हातात घेतल्या. भात उचलला आणि तोंडाशी नेऊन थांबली. फोनमधनं सरांकडं बघितलं.

"टीचर, यू टू."

सुनंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "आवं, दिवस मावळलाय." सरांनी ते ऐकलं.

"तिला कुठं म्हाईत हाय," ते आमच्याकडं न बघता मराठीत म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. तिकडं शू-फेननं घास घेतला. दोघंही चावत होते. हजारो मैलांवरचं ते चावणं मला ऐकू आलं नाही, पण सरांचं ऐकू आलं. जन्मभर दिवेलागणीनंतर बंद असलेलं ते तोंड.

एक घास झाल्यावर ती म्हणाली, "थँक यू, टीचर." पाठीमागनं वूनं हाक मारली. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी निर्जळी उपवास केला, चुकलं म्हणून. शू-फेनचा एकदा निरोप आला, आईचे सगळे विधी पार पडल्याचा. त्यानंतर नाही. ती वाईट नाही. तिचं काम संपलं होतं.

काही दिवसांनी मी कामावरनं जरा लवकर सुटलो. दिवस अजून चांगला कासराभर वर होता. सरांचं दार उघडं होतं. आत ते खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. पुढ्यात ताट वाढलेलं, भाकरी, मुगाची उसळ, दही. मी बाहेरनंच हात केला, त्यांनीही केला. म्हटलं बरं झालं, निदान आता वेळेत जेवतील. मी तसाच पुढं दुकानाला गेलो, साखर घेतली, दोघा-चौघांशी बोललो.

परत आलो तोवर गल्लीत दिवे लागले होते. सर खुर्चीवरच होते, पुढं डब्याला फोन टेकवलेला. ताट होतं तसंच होतं, फक्त त्यावर झाकण होतं.

"सर, जेवला न्हाईसा?"

"दिवस मावळला की रं."

"आवं, आता वर्ग कुठं हाय? लय वेळ हुता तुमाला."

"व्हय," सर म्हणाले. "लय हुता."